दुसरा रकाना, चौथं घर

सुराबाया, ४ जानेवारी २०२६

म्बोक वित्री,

तिकडे सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण नसतं तर थोरल्या बहिणीच्या हक्काने तू आधीच मला झापलं असतंस.

एक मोठं काम उरकलं, ते कळवतो. उवांच्या कॅलेंडरचं वेबपान ज्या तयार फ्रेमवर्कवर उभं आहे, ते अकरा वर्षांचं जुनाट झालं होतं. सर्व्हरवाल्यांनी तीन नोटिसा दिल्या, नवं व्हर्जन घाला नाहीतर पान बंद करू म्हणाले. सुट्टीचे दोन दिवस घालवून मी ते नव्यावर चढवलं. पान चालू आहे. चार घरं इकडची तिकडे झालेली दिसतात, ती आठवड्याभरात नीट करतो.

उवांना सांग, त्यांच्या भाच्याने काम फुकट केलं असलं तरी कुरकुर केली नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस. का?

तुझा धाकटा आतेभाऊ,
कोमांग अर्साना


तेगाल बिंगिन, क्लुंगकुंग, ६ जानेवारी

मांग,

चार घरं इकडची तिकडे? अख्खा महिना कोसळलाय. आठवड्यांची नावं वरच्या पट्टीतून खाली येऊन एकावर एक पडलीत, धुवायच्या कपड्यांसारखी. तीन तारखेखाली चौदा आहे. पौर्णिमेचा लाल ठिपका कडेला एकटाच लोंबतोय. टॅबलेटवर बोट ठेवलं की तो 'सात' म्हणतो, सरकवलं की पुन्हा 'सात'. असं काम करून वर फुशारकी कशी मारतोस?

तुला गंमत वाटत असेल, म्हणून स्पष्ट लिहिते. छापखाना बंद पडल्यापासून बापांचं कॅलेंडर म्हणजे हे पानच. चाळीस वर्षं त्यांनी हाताने दिवस मांडले. गावात अजूनही लग्न असो, दात कानशीने घासायचा विधी असो की दहन असो, पुजारी वार आणि आठवडा सांगतात आणि लोक ताटलीत फुलं घेऊन तारीख विचारायला बापांकडे येतात. ते पान उघडतात आणि सांगतात. त्यांच्या तोंडून तारीख आली की पुन्हा कुणी बघत नाही, बघणं म्हणजे त्यांचा अपमान. एक तारीख चुकली तर हा माणूस उठून उभा राहणार नाही, एवढं लक्षात ठेव.

सध्या मी त्यांना 'सर्व्हरला ताप आलाय' असं सांगून ठेवलंय. आणि फोन करू नकोस. बापा शेजारीच बसलेले असतात आणि त्यांना कुजबुजही ऐकू जाते. जे असेल ते लिही.

वित्री


सुराबाया, ९ जानेवारी

म्बोक,

तीन दिवस ऑफिसातून आल्यावर हेच करतोय. पहिला दिवस मी तुमच्या टॅबलेटला दोष देण्यात घालवला. माझ्याकडे पान बरं दिसत होतं, मग कळलं की माझ्याकडे जुनंच साठून राहिलं होतं. ते पुसलं आणि माझ्याकडेही अख्खा महिना कोसळला.

प्रकार असा आहे. जुन्या व्हर्जनमध्ये रकान्याला एक नाव होतं, नव्यात त्यांनी ते बदललं. घराच्या रुंदीचं नाव बदललं, दोन घरांमधल्या फटीचं बदललं. का बदललं ते देव जाणे, बहुतेक तिथल्या कुणाला तरी करमत नव्हतं. शेहेचाळीस ठिकाणी हाताने दुरुस्त केलं. चूक झाली तर हे नवं फ्रेमवर्क ओरडतही नाही. न कळलेली सूचना गिळतं आणि आपल्या मनाने मांडामांड करून मोकळं होतं. ओरडलं असतं तर परवडलं असतं. एक गोष्ट सरळ करावी तर दुसरी वाकडी होते, ती सरळ केली की पहिली पुन्हा वाकडी. माझ्या नाकी नऊ आलेत.

नावं आता वर गेलीत, ठिपका जागेवर आलाय. घरं जरा लहान झालीत, पण दिसायला सुबक आहेत. आणि तो बोलका आवाज बंद करून टाक ना. त्याच्यासाठी प्रत्येक घराला वेगळं नाव चिकटवावं लागतं, नसता व्याप.

अर्साना


तेगाल बिंगिन, ११ जानेवारी

मांग,

सुबक नकोय. होतं तसं पाहिजे.

घर होतं तेवढंच मोठं पाहिजे, फट होती तेवढीच पाहिजे, पहिलं घर जिथून सुरू होत होतं तिथूनच सुरू झालं पाहिजे. केसभर इकडे नको की तिकडे नको. आवाज राहू दे. बापांना आवडतो.

तू म्हणशील म्बोक हट्टी झाली. झाले. पूजेची ताटं रचता रचता बोटं सोलवटलीत, त्यात रोज सकाळी बापा विचारतात, 'सर्व्हरचा ताप उतरला का?' काल म्हणाले, 'एवढे दिवस ताप म्हणजे डेंग्यू असेल.' हसू आलं नाही.

तारखा अजूनही सरकलेल्याच आहेत. मेहेरबानी करून हे संपव.

वित्री


सुराबाया, १४ जानेवारी

म्बोक,

संपवलं. आज सकाळी ऑफिसात बिस्किटवाल्यांच्या पानाचं काम बाजूला ठेवून हेच केलं, साहेबाची बोलणी खाल्ली, पण संपवलं.

मूळ दुखणं सापडलं. अकरा वर्षांपूर्वी मी पानाला सांगून ठेवलं होतं की घरं वरून खाली भर. नव्या व्हर्जनला ही सूचना कळत नाही, त्याचा सगळा कल डावीकडून उजवीकडे. दोघांच्या ओढाताणीत पान फाटत होतं. मग मी विचार केला, आपण तरी वरून खाली का भरत होतो? उवांच्या छापखान्याचा कागद अरुंद होता म्हणून असणार. आता कागदच नाही. तेव्हा सगळ्या जगाचं असतं तसं करून टाकलं. वर सात वार, आठवडा आडवा. आमच्या घरी भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आहे, अगदी तसं. सगळ्या तारखा बरोबर आहेत, मी दोनदा तपासल्या. घरांचा आकारही तुझ्या हट्टापायी जुना ठेवला.

आता उवांना सांग, डेंग्यू बरा झाला. आणि एखादं शाबासकीचं वाक्य लिहायला हरकत नाही.

अर्साना


तेगाल बिंगिन, २७ जानेवारी

कोमांग,

शाबासकीचं वाक्य लिहायला तेरा दिवस लागले, कारण मी तुझं पत्र ओझरतं वाचलं. 'संपवलं' आणि 'सगळ्या तारखा बरोबर' एवढंच वाचलं. त्याच दिवशी शेजारच्या सुआरचे वडील गेले आणि मी त्यांच्याकडे ताटं रचायला गेले. जाताना बापांना सांगितलं, 'झालं नीट.' पान उघडून बघितलं नाही. तो दोष माझा आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

आता जे तुझ्यापासून लपवलं ते लिहिते. बापांना दिसत नाही. दोन वर्षं झाली, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. गावाला माहीत नाही. अंगणातल्या पायऱ्या त्यांना पाठ आहेत, माणसं आवाजावरून ओळखतात, बाहेर जाणं गुडघ्यांच्या नावाखाली बंद केलंय. तारीख विचारायला कुणी आलं की टॅबलेट मांडीवर घेतात, डाव्या कडेला अंगठा टेकवतात आणि बोटाने मोजतात. इतके रकाने आडवे, इतकी घरं खाली. रविवार पहिलं घर, बुधवार चौथं. आपल्याकडे आठवडा खालीच उतरतो, मांग, तो कागदाच्या रुंदीमुळे नाही. बालीत कुणाच्याही घरातली भिंत बघ. इथलं माणूस वाराचं नाव वाचत नाही, बोट खाली सोडतं. योग्य घरावर बोट आलं की टॅबलेट आकडा बोलतो आणि बापा तो सांगतात. म्हणून मला केसभर इकडेतिकडे नको होतं.

सतरा तारखेला सुआरची आई, मेन सुआर, फुलं घेऊन आली. तिच्या नवऱ्याला तात्पुरतं पुरलंय, पुजाऱ्यांनी दहनाला पुढच्या महिन्यातला मेनाइल आठवड्याचा बुधवार सांगितला होता. बापा म्हणाले, 'मेनाइल बुधवार. दुसरा रकाना, चौथं घर.' बोट ठेवलं. टॅबलेट म्हणाला, 'तेवीस.' बापा क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'तेवीस.'

तुझ्या आडव्या कॅलेंडरात दुसरा रकाना, चौथं घर म्हणजे चौथ्या आठवड्यातला सोमवार. त्यांच्या उभ्या कॅलेंडरात ती अकरा तारीख होती. कुणी पुन्हा बघितलं नाही, कारण बापा बोलले होते.

काल वस्तीचा प्रमुख, आपल्या बांजारचा केलियान, कुणी बांबू आणायचे, कुणी स्वयंपाक करायचा, त्या कामांची यादी लावायला आला आणि म्हणाला, 'अहो, तेवीसला सोमवार आहे.' पण सुआरने जहाजावरून रजा तेवीसच्या हिशोबाने घेऊन टाकलीये. जहाज वीस तारखेपर्यंत समुद्रात आहे. अकराला तो येऊ शकत नाही, आणि पुजारी म्हणतात यापुढचा चांगला दिवस एप्रिलात, तेव्हा त्याची रजाच नाही. तो थोरला मुलगा आहे. बापाला अग्नी त्याने द्यायचा.

ही चूक बापांना मी अजून सांगितलेली नाही. ते समोर बसलेत आणि विचारतायत, 'कुणाला एवढं खटाखट लिहितेस?'

वित्री


सुराबाया, २८ जानेवारी

म्बोक,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून राहिलो.

मला तुझा राग आलाय, तो आधी लिहून टाकतो. दोन वर्षं! एकदा सांगितलं असतंस की उवा बोटाने बघतात, तर मी त्या घराला हातही लावला नसता. मी तुला हट्टी समजत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो.

पण खरा राग माझाच आहे. मला आपलं कॅलेंडर वाचता येत नाही, म्बोक. कधीच आलं नाही. आईने शिकवायचा प्रयत्न केला होता, मी पळून जायचो. अकरा वर्षांपूर्वी उवांनी सांगितलं तसं बनवलं, कळलं काहीच नाही, आणि विचारायची लाज वाटली. परवाही विचारलं असतं तर एका ओळीत उत्तर मिळालं असतं. त्याऐवजी बँकेच्या कॅलेंडरवर विश्वास ठेवला.

जुनं पान मी तासाभरात परत आणतो, सर्व्हरवाले गेले खड्ड्यात. मग नव्यावर हवं तसं उभं करतो. प्रत्येक घर आता पूर्ण बोलेल, 'बुधवार, अकरा' असं. नुसता आकडा बोलायला लावणं हाही माझाच आळस होता.

एक माप पाहिजे. उवांच्या अंगठ्याची रुंदी. घर त्याच मापाचं करतो.

सुआरला मी काय लिहू ते सांग. काहीतरी लिहिलंच पाहिजे.

अर्साना


तेगाल बिंगिन, २ फेब्रुवारी

मांग,

सुआरला काही लिहू नकोस. लिहायचं ते बापांनी बोलून टाकलं.

मी सांगितलं त्यांना. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, 'सारोंग दे धुतलेला.' मग माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन वर्षांत पहिल्यांदा फाटकाबाहेर पडले आणि मेन सुआरच्या अंगणात जाऊन उभे राहिले. बायका केळीची पानं चिरत होत्या, केलियान होता, तीस-चाळीस माणसं होती. बापा म्हणाले, 'मला दिसत नाही. दोन वर्षांपासून दिसत नाही. तारीख मी चुकवली.'

मी म्हणाले, 'बापा, चूक पानाची होती, मांगने पान फिरवलं होतं.' तर मला गप्प केलं. म्हणाले, 'पानाची असेल. पण माझ्या डोक्यात अकरा आलं होतं. एक तारखेला रविवार, तर दुसऱ्या बुधवारी अकरा, हे मला झोपेतही कळतं. यंत्र तेवीस म्हणालं आणि मला वाटलं, आता माझं डोकंही चाललं. म्हणून मी यंत्राचं ऐकलं.'

हे ऐकून मी रडले, सगळ्यांसमोर. आपण दोघं घरं मोजत बसलो, आणि डोळ्यांपाठोपाठ डोकंही जाईल या भीतीत ते एकटे बसले होते, ते मला शेजारी असून कळलं नाही.

मेन सुआर उठली, त्यांना सावलीत बसवलं, कॉफी दिली. मग पाठ फिरवून पुन्हा पानं चिरायला बसली. तिचं तरी काय चुकलं? दहन अकरालाच ठरलंय. अग्नी सुआरचा धाकटा भाऊ देणार.

घरी आल्यावर बापांनी टॅबलेट कपाटात ठेवला. पान नीट झालंय हे मी सांगितलं, जुनं परत आलंय तेही सांगितलं. 'बरं' म्हणाले. अंगठ्याचं माप मागितलं तर मूठ बंद करून घेतली. आता दिवसभर ओसरीवर बसतात. कुणी तारीख विचारायला येत नाही. येणारही नाही.

वित्री


सुराबाया, १३ फेब्रुवारी

म्बोक,

परवा दहन झालं असणार. तू काही लिहिलं नाहीस, मीही विचारलं नाही.

नवं पान तयार आहे. आठवडा खाली उतरतो. या वेळी मी आंधळेपणाने केलं नाही, म्हणजे आंधळेपणानेच केलं. डोळ्यांवर रुमाल बांधून टॅबलेट मांडीवर घेतला आणि मोजत बसलो. पहिल्या दिवशी दहातली सात घरं चुकली. बायको म्हणाली, 'आता तू काही बरा होत नाहीस.' मग कडेला एक जागा ठेवली, तिथे अंगठा टेकला की टॅबलेट हलकासा थरथरतो, म्हणजे सुरुवात सापडते. काल दहातली दहा बरोबर आली. पण ती माझ्या अंगठ्याने आली. त्यांचा अंगठा माझ्याहून रुंद आहे, लहानपणी कान पिळलेला आठवतो.

रोज संध्याकाळी आई मला एकेक आठवडा शिकवते. तीस नावं आहेत, मला अकरा पाठ झाली. बाराव्याला अडतो. आई म्हणते अजून पळून जायची सवय गेली नाही.

माप नसेल द्यायचं तर नको देऊस. पान तसंच उभं राहील.

अर्साना


तेगाल बिंगिन, २५ फेब्रुवारी

मांग,

दहनाच्या दिवशी मी मोबाईल वर धरून उभी होते, सुआर जहाजावरून बघत होता. संपर्क तीनदा तुटला. अग्नी दिला तेव्हाही तुटलेलाच होता. पुन्हा जोडला तेव्हा नुसता धूर होता. तो म्हणाला, 'झालं का?' मी म्हणाले, 'झालं.' या पंधरा दिवसांत तुला पत्र लिहायला घेतलं की हेच आठवायचं, म्हणून लिहिलं नाही.

परवा तेवीसला बाराव्या दिवसाचा विधी होता. सुआर आला. ज्या तारखेला दहनासाठी यायचा होता त्याच तारखेला बाराव्याला उभा राहिला. अग्नी चुकला, बारावा मिळाला. याला नशीब म्हणायचं की थट्टा, ते मला कळत नाही.

काल सकाळी तो आमच्याकडे आला. हातात ताटली, ताटलीत फुलं. बापा ओसरीवर होते. मला वाटलं, आता बोलणार तो.

तो बापांच्या शेजारी बसला. म्हणाला, 'उवा, मला जहाजावर परत जायचंय. पुढच्या महिन्यात दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार चांगला आहे म्हणाले पुजारी. तारीख कोणती येते?'

बापा म्हणाले, 'सुआर, मला दिसत नाही. दुसऱ्या कुणाला विचार.'

'माहीत आहे. म्हणून तर चिकटून बसलोय. तुम्ही बोट ठेवा, मी बघतो.'

'तुझ्या बापाचा अग्नी माझ्यामुळे चुकला.'

'चुकला,' सुआर म्हणाला. 'तो आता कुणालाच परत देता येत नाही. तारीख सांगा.'

मग बापांनी मला कपाट दाखवलं. मी टॅबलेट आणला, तुझं नवं पान उघडलं. त्यांनी डाव्या कडेला अंगठा टेकला, तो थरथरला तसे जरा दचकले. बोट ठेवायच्या आधी स्वतःच म्हणाले, 'तेरा.' मग मोजलं. दुसरा रकाना, सहावं घर. बोट रेघेवर पडलं, टॅबलेट म्हणाला, 'गुरुवार, बारा.' बापांचा चेहरा उतरला. मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

सुआरने त्यांचं बोट धरून केसभर खाली सरकवलं. 'शुक्रवार, तेरा.'

'तेराच आहे, उवा,' सुआर म्हणाला. 'तुम्ही आधीच बरोबर बोलला होतात. घर लहान आहे.'

मांग, घर लहान आहे. एवढे दिवस रुमाल बांधून काय करत होतास? माझ्या मोबाईलवर शेवटचा रकानाही अर्धा कापला जातो, तेही बघ. आणि बारावा आठवडा कुनिंगान. पाठ कर.

आज सकाळी मी ताटं रचत असताना बापा आले आणि माझ्यासमोर हात पुढे केला. मूठ उघडी होती. म्हणाले, 'त्या कोमांगला माप हवं होतं ना?'

शिवणाच्या फितीने तीनदा मोजलं. अंगठा, बावीस मिलिमीटर.

वित्री